क्लेव्हर म्हणजे हुशार

चौतीस वर्षं मी उज्जैनच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवलं. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. जे विद्यार्थी कुठे पोचले ते आपल्या कर्तृत्वाने पोचले, आणि जे नाही पोचले त्यांचा मला दोष देऊन झाला आहे. मला लिहायचंय ते निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांबद्दल. त्या काळात मी माधव नगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून, इंग्लंडमधली माणसं ज्यूंबद्दल आणि इस्रायलबद्दल काय विचार करतात ते ठरवत होतो. 'ठरवत होतो' हा शब्द चुकून पडलेला नाही.

त्या कामात माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या नावावर ठपका बसला. मुलगी नफीसा, ठपका माझा. तिच्या नावावरून तो पुसला जावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. बाकीची माहिती वाचकांना धंदा कळावा म्हणून.

धंद्याचं नाव कोडिंग. हे ऐकल्यावर लोकांना वाटायचं की दिघे मास्तर म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले. तसं काही नव्हतं. लंडनची एक कंपनी लोकांची मतं विचारायची. 'हो', 'नाही', 'सांगता येत नाही' अशी उत्तरं मशीन मोजतं. पण शेवटी एक प्रश्न असतो: तुमच्या शब्दांत लिहा. मग माणसं लिहितात. कुणी एक शब्द, कुणी दीड पान, कुणी बसच्या वेळापत्रकाबद्दल तक्रार. मशीनला ते कळत नसे. ते सगळं इंदूरच्या एका ऑफिसमार्फत आमच्याकडे यायचं. आम्ही वाचायचं आणि प्रत्येक उत्तराला यादीतला एक आकडा द्यायचा. चार म्हणजे अनुकूल, नऊ म्हणजे प्रतिकूल, अकरा म्हणजे इतर. लंडनला आकडे परत गेले की तिथे त्यांचा अहवाल व्हायचा, आणि अहवालावरून इंग्लंडला आपलं मन कळायचं.

आम्ही आठ जण होतो. मी एक नंबर, सुपरवायझर. इंग्रजांबद्दल जे माहीत होतं ते व्याकरणाच्या पुस्तकातून. 'नॉट बॅड' म्हणजे चांगलं, आणि 'क्वाइट गुड' म्हणजे फारसं चांगलं नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. 'माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही, पण' असं सुरू होणारं उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून कळलं. ते वाक्य आमच्या गावात रोज ऐकू येतं, फक्त हिंदीतून: "अपन को क्या लेना-देना, पर..." त्या 'पण'नंतर काय येतं ते कळायला इंग्लंडला जावं लागत नाही.

हा सर्व्हे दरवर्षी यायचा. पहिल्याच फेरीत मी एक घोटाळा केला. माझी आई अलिबागकडची. तिच्या तोंडी 'इस्रायल' हा देश नव्हताच. तिच्या माहेरच्या शेजारी राहणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी तेल्याची माणसं म्हणजे इस्रायल. बेने इस्रायल. 'इस्रायलांच्या घरून तेल आण,' असं तिला तिची आई सांगायची. त्यामुळे इस्रायल म्हणजे ज्यू आणि ज्यू म्हणजे इस्रायल, हे मी दुधाबरोबर प्यायलो होतो. मी दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टोपलीत टाकली. लंडनहून विचारणा आली, की या गृहस्थांनी इस्रायलच्या संत्र्यांची तारीफ केली आहे, ती तुम्ही ज्यूधर्मीयांबद्दलचं मत म्हणून का नोंदवलीत? आम्ही खूप हसलो. टोपल्या वेगळ्या केल्या. ती चूक पकडली गेली, म्हणून ती मी मजेने सांगू शकतो.

दुसरी पकडली गेली नाही.

यादीत 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' असे नुसते मथळे होते. कुठल्या शब्दाला कुठे घालायचं, याची उदाहरणं मी लिहिली. दीड पानाची टीप, माझ्या हस्ताक्षरात, मग टाइप करून. अनुकूलखाली मी लिहिलं: क्लेव्हर, कष्टाळू, व्यवहारात पक्के, एकमेकांना धरून राहणारे, आपल्या माणसांना सांभाळणारे. लंडनने ती टीप एका दिवसात मंजूर केली. वर 'लव्हली, थँक्स' असंही लिहिलं. त्यांनी ती वाचली नसावी, असं आता वाटतं. पण मी तर ती लिहिली होती.

नफीसा तिसऱ्या वर्षी आली. सात नंबर. कमरी मार्गावरच्या बोहरा मुसलमान कुटुंबातली, इंग्रजीत एम.ए., रंगीत लेसची रिदा, त्यांचा तो दोन तुकड्यांचा बुरखा, घालून यायची आणि आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची धरायची. तिच्या पहिल्या दिवशी मी तिचं मन मोकळं व्हावं म्हणून म्हणालो, "बोहरा लोगों की बात ही अलग है. धंदा तो आपके ख़ून में है. और एक-दूसरे को कितना सँभालते हो."

"जी सर," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मी चार नंबरात टाकलं.

काम ती माझ्यापेक्षा चांगलं करायची. तिची एक रीत होती. लांब उत्तर आलं की ती पेन्सिलीने कर्त्याखाली रेघ मारायची. "सर, कर्ता कौन है, ये देखो," असं मला, चौतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला, सांगायची. "ये बाई सरकार से शुरू हुई. सरकार ने बम गिराए, ठीक है, ये इस्रायल की टोपली. अब तीसरी लाइन देखो, 'दे', यानी 'वो लोग'. ये 'दे' कौन? सरकार तो सिंगुलर थी." आणि खरंच, तिसऱ्या ओळीत कर्ता बदललेला असायचा. बाई इस्रायलच्या मंत्रिमंडळावर रागावता रागावता आपल्याच गल्लीतल्या ज्यू डॉक्टरवर येऊन पोचलेली असायची, आणि तिला स्वतःला ते कळलेलंही नसायचं. उलटंही व्हायचं. कुणी सरकारवर अतिशय कडक लिहायचा, पण शेवटपर्यंत कर्ता सोडायचा नाही. मी त्याला रागाच्या भरात ज्यूंच्या टोपलीत नऊ द्यायला निघायचो, तर नफीसा म्हणायची, "ये आदमी ग़ुस्से में है सर, पर ग्रामर नहीं छोड़ा."

फेरीमागून फेरी इंग्लंड बदलताना दिसत होतं. सुरुवातीला म्हातारी माणसं लिहायची. छोटा शूर देश; तरुणपणी उन्हाळ्यात तिथल्या शेतावर फळं तोडायला गेलो होतो; वडील सैन्यात होते आणि त्यांनी छळछावण्यांची दारं उघडताना जे पाहिलं ते घरी कधी बोलले नाहीत. अशी उत्तरं दरवर्षी कमी झाली. मत बदललं म्हणून नव्हे. माणसं जात होती. त्यांच्या जागी तरुण आले. ते इस्रायलने बांधलेल्या भिंतीबद्दल, चौक्यांबद्दल, मुलांबद्दल लिहायचे, आणि त्यातले काही हेही लिहायचे की माझी कॉलेजातली मैत्रीण ज्यू आहे आणि मोर्चाला आम्ही दोघी बरोबर जातो. इस्रायलबद्दलचे नऊ वाढत होते. ज्यूंबद्दलचे चार मात्र भक्कम होते. मला त्याचं कौतुक वाटायचं. काय समंजस लोक आहेत, मी बायकोला सांगायचो, देश वेगळा आणि माणसं वेगळी हे बरोबर कळतं त्यांना.

मग ते एका शब्दाचं उत्तर आलं. ज्यूंबद्दल तुमच्या मनात पहिलं काय येतं? उत्तर: क्लेव्हर. पूर्णविराम.

नियम असा होता की काही उत्तरं दोघांनी, एकमेकांचं न बघता, वाचायची. ते उत्तर माझ्याकडे आणि नफीसाकडे आलं. मी चार दिला, तिने नऊ. तसल्या सगळ्या उत्तरांना तिने नऊ दिले होते. मी तिला बोलावलं.

"क्लेव्हर यानी क्या, बेटा?"

"आप बताइए सर."

"होशियार. पाँचवीं क्लास का शब्द है."

"'होशियार लड़का है', ये भी होशियार. और 'ज़्यादा होशियारी मत दिखा', ये भी होशियार."

"अरे, पण इथे कोण कुणाला दम देतंय?" मी मराठीत घसरलो. रागावलो की घसरतो.

तिने पुढची चार-पाच उत्तरं दाखवली. व्यवहारात पक्के. एकमेकांनाच धरून असतात. आपल्या माणसांना कुठे ना कुठे चिकटवतात. "ये सब आपने चार में लिखवाया है सर. ये तारीफ़ नहीं है. ये वो चीज़ है जो सुनके आदमी थैंक यू बोलता है और घर जाके सोचता है."

"तुला कसं माहीत?"

"आपने पहले दिन मुझसे यही कहा था."

"मैंने तो तारीफ़ में कहा था!"

"उन्होंने भी तारीफ़ में ही कहा होगा."

खोलीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी म्हणालो, टीप लंडनने मंजूर केलेली आहे, टीपेप्रमाणे काम करा. ती "जी सर" म्हणाली. पण आकडे तिने बदलले नाहीत. दुहेरी वाचनात एकाने दुसऱ्याचं बघून आकडा बदलायचा नाही, हाही नियमच होता आणि तोही मीच शिकवला होता.

आठवड्याने लंडनहून इंदूरला मेल आली. एक नंबर आणि सात नंबर यांच्यात ज्यूंच्या प्रश्नावर मोठी तफावत आहे, सात नंबर अनुकूल उत्तरांना प्रतिकूल ठरवत आहे असं दिसतं, कृपया बघावं. इंदूरच्या ऑफिसचे चौरसिया साहेब. त्यांचा फोन आला.

"दिघे साब, ये सात नंबर कौन है?"

"नफीसा."

"पूरा नाम?"

मी पूर्ण नाव सांगितलं.

पलीकडे त्यांनी ते लिहून घेतलं. मग, "अच्छा. सब्जेक्ट यहूदी, और सात नंबर नफीसा. ये तो आपको पहले देखना था ना."

"काम अच्छा करती है," मी म्हणालो.

"काम की बात कौन कर रहा है?"

एवढंच संभाषण. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ती माझ्या टीपेशी भांडते आहे, ज्यूंशी नाही, दोघांचे कागद लंडनला पाठवा आणि त्यांनाच विचारा. ते बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं की मग आधीच्या फेऱ्यांचं काय. म्हणून मी बोललो नाही. ज्यूंचा अपमान त्या खोलीत फक्त जिला कळला होता, तिला ज्यूंचा द्वेष करते म्हणून काढण्यात आलं, आणि ज्याने तो अपमान सलग काही वर्षं 'अनुकूल' म्हणून नोंदवला, तो सुपरवायझर राहिला.

तिला मेल आली त्यात एक वाक्य होतं: संवेदनशील विषयांवर निष्पक्ष काम करण्यास योग्य नाही. ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, आपने क्या बताया?"

"कुछ नहीं. नाम पूछा था, नाम बता दिया."

"हाँ," ती म्हणाली, "उतना काफ़ी था." तिने पेन्सिली गोळा केल्या आणि गेली.

त्या वर्षीचा अहवाल मी इंटरनेटवर पाहिला. इंग्लंडमधल्या कुणी त्याचा हवाला देऊन लिहिलं होतं, की इस्रायलच्या धोरणांवर जनतेचा राग वाढत असला तरी ज्यू शेजाऱ्यांबद्दलचा तिचा जिव्हाळा टिकून आहे. त्यात खरंही बरंच असेल. पण त्या जिव्हाळ्याचा काही भाग माधव नगरात, दातांच्या दवाखान्याच्या वर तयार झाला होता.

मग तो ऑक्टोबर आला, तो हल्ला, आणि त्यानंतर गाझाचं युद्ध. उत्तरं लांबली. एकाच उत्तरात दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी रडणारी माणसं होती. केवळ एका बाजूसाठी रडणारीही होती. आणि ज्यांचा कर्ता दुसऱ्याच ओळीत बदलतो अशी पुष्कळ झाली. आता पेन्सिल घेऊन मीच रेघा मारत बसायचो आणि कुणाला सांगायचो नाही की ही रीत कुणाची. एकदा एका बाईने लिहिलं, मी स्वतः ज्यू आहे, बसमध्ये चढण्याआधी हल्ली गळ्यातली, ज्यूंच्या ताऱ्याची साखळी आत घालते. माझ्या देशात मी हे पहिल्यांदा करते आहे. याला कुठला आकडा द्यायचा? अनुकूल नाही, प्रतिकूल नाही. तासभर बसलो आणि अकरा दिला. इतर.

पुढल्या फेरीला लंडनमध्ये नवी बाई आली. तिने व्हिडिओवर मला अतिशय गोड आवाजात विचारलं, की 'व्यवहारात पक्के' हे अनुकूलमध्ये का आहे, आणि आपण यावर पुन्हा एकदा नजर टाकू शकतो का असा विचार तिच्या मनात येतो आहे. इतकी वर्षं झाल्यावर मला ते इंग्रजी कळत होतं. ती संतापली होती. तिने नवा आकडा काढला, पंधरा: साचेबंद समजुती, स्तुतीच्या रूपात असल्या तरी. जुन्या फेऱ्या काढून आम्ही पुन्हा वाचल्या. भक्कम चार निम्म्याहून खाली घसरले. नफीसाचे जुने कागद निघाले. तिचे नऊ एकूण एक पंधरात गेले. "या सात नंबरचं वाचन फार चांगलं आहे, त्या अजून तुमच्याकडे आहेत का?" बाईने विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो. पुन्हा एकदा खोटं न बोलता.

पुढे ते काम मशीनकडे गेलं. शिकवायला आमच्याच फायली दिल्या. मी विचारलं, जुन्या की सुधारलेल्या? उत्तर आलं, सगळ्या.

आमच्या गावात पाप धुवायची सोय घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. त्यामुळे इथे कबुलीची घाई कुणाला नसते. मीही रामघाटावर दोन-चारदा जाऊन आलो. पाणी गार होतं, एवढंच सांगता येईल.

यंदा उन्हाळ्यात नफीसाचा फोन आला. एका परदेशी कंपनीत तिला घरबसल्या भाषांतर तपासायचं काम मिळत होतं. त्यांनी जुन्या ऑफिसला विचारलं, आणि इंदूरने तेच जुनं वाक्य उचलून पाठवलं. निष्पक्ष काम करण्यास योग्य नाही. असं आधी दोनदा झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी देवास गेटवरून रिक्षा करून कमरी मार्गावर तिच्या घरी गेलो. तिची आई सरबत ठेवून आत गेली. मी सगळं सांगितलं. टीप कुणाची, फोन काय झाला, मी काय बोललो नाही.

"पता था," ती म्हणाली. "टीप की पहली कॉपी पे आपकी ही राइटिंग थी. पर पता होने से नौकरी नहीं मिलती सर, काग़ज़ से मिलती है."

मी चौरसिया साहेबांना पत्र लिहिलं. त्यांचा फोन आला, "दिघे साब, पुरानी बात है, आप आराम करो." मग मी माझ्या नावाने, सुपरवायझर म्हणून, नफीसाच्या कंपनीला लिहिलं, लंडनच्या त्या बाईलाही लिहिलं. बाईचं उत्तर दोन दिवसांत आलं, आणि त्यात एकही गोड शब्द नव्हता. ते पत्र मी नफीसाकडे दिलं आहे. कंपनीने अजून काही कळवलेलं नाही.

दिवाळी अंकासाठी हे लिहितो आहे असं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "किस भाषा में?"

"मराठी."

"चौरसियाजी को मराठी आती है?"

नाही येत. हे मला लिहायला बसताना माहीत होतं. किती बरं वाटत होतं मराठीत लिहिताना, तेही आता कबूल करतो. म्हणून या लेखाचा हिंदी तर्जुमा मी इंदूरला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आहे, आणि त्यात साहेबांचं आणि माझं संभाषण जसंच्या तसं आहे.

पाठवण्याआधी मी तो तिला घरी जाऊन वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला. दोन ठिकाणी तारीख विचारली, एका ठिकाणी तिने वापरलेला शब्द दुरुस्त केला. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, की नफीसाने मोठ्या मनाने मला माफ केलं.

"ये मैंने कब कहा?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. सरबत दिलं होतं. सरबत तिच्या आईने दिलं होतं.

"नहीं कहा," मी म्हणालो.

"तो काट दीजिए, सर."

ते वाक्य मी काढलं आहे.